डावा रुसला हाय

मंदा आणि मी मिळून जे शेवटचं काम केलं, ते गाडीचा ब्रेक लाईट बघायचं. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. चामटोलीला आमच्या अंगणात आमची जुनी गाडी उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलवाडीला मुलीकडे जायचं होतं. डाव्या बाजूचा बल्ब उडाला होता, तो बदलापूर स्टेशनाजवळून नवा आणून बसवला. मग पुढे जाऊन सीटवर बसलो आणि ब्रेकवर पाय ठेवला. मंदा मागे फाटकाजवळ, कढीपत्त्याच्या झाडापाशी उभी. चाळीस वर्षं आमचं हे असंच. मी दाबणार, ती बघणार.

"उजवा हाय," ती म्हणाली. मग जरा थांबली. "डावा रुसला हाय."

मी म्हणालो, आत्ता नवा घातलाय, रुसेल कशाला. ती म्हणाली, ते मला काय माहीत, रुसला हाय. मी पाय काढून परत दाबला. तिचं परत तेच. आता खरं म्हणजे, तू इथे येऊन बस, मी मागे जाऊन बघतो, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? नाही म्हणालो. चाळीस वर्षं बल्ब लावलेला माणूस मी, मला राग आला.

"तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय," मी म्हणालो.

"माझ्या डोळ्यात? बरं."

एवढं बोलून तिने हात पदराला पुसले आणि मेथी निवडायला आत गेली. तिचं माझ्याशी हे शेवटचं बोलणं.

कोण बरोबर होतं ते शेवटी सांगतो. त्या रात्रभर माझ्या डोक्यात तेवढा एकच हिशोब होता. पण आधी धंद्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर रुसला म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही.

दिवाळी अंकवाली मंडळी घरी आली आणि म्हणाली, काका, तुमच्या कामाचे अनुभव लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. वहीत लिहिलं, मुलीने टाईप केलं. चुका दुरुस्त कर, पण माझं बोलणं दुरुस्त करू नको, असं तिला बजावलं होतं. तिने ऐकलंय असं धरतो.

माझा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये गाळा होता. मी गाडीचा वायरमन. गाडीत जे जे पेटतं आणि वाजतं ते माझं, फिरतं आणि गळतं ते दुसऱ्याचं. गाळ्याच्या मागे एक खोली, त्यात आमचा संसार. बाप नगरकडून अंबरनाथला कारखान्यात आले, त्यांनीच बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावला आणि आम्हाला सांगितलं की हातात कला ठेवा, कोणाच्या दारात उभं राहायला नको. शाळा माझ्याने झाली नाही. कला झाली.

आता बल्बचं. लोकांना वाटतं बल्ब म्हणजे बल्ब. गिऱ्हाईक यायचं आणि गाडीचं नाव सांगायचं. कोणी रंग पण सांगायचं. एकाने तर फोनवर गाडीचा फोटो दाखवला, त्यात बायको-पोरं पुढे उभी, गाडीचा नुसता आरसा दिसतोय, आणि म्हणतो ह्याचा मागचा बल्ब द्या. मी सगळ्यांना एकच सांगायचो, जुना बल्ब काढून खिशात घालून आणा. एकाच नावाच्या दोन गाड्यांत दोन तऱ्हेचे बल्ब निघतात. नावावर जाऊ नका, बुडावर जा.

बल्ब हातात घेऊन उलटा करा. ब्रेक लाईटच्या बल्बच्या पोटात दोन तारा असतात. एक बारीक, ती संध्याकाळी दिवे लावले की मिणमिण लागते, मागच्याला कळावं की पुढे गाडी आहे. दुसरी दणकट, ती ब्रेक दाबला की लख्ख लागते. दोन तारा म्हणून बुडाला शिशाचे दोन ठिपके. ह्याला आम्ही डबल काँटॅक्ट म्हणतो. सिग्नल दाखवायचा जो बल्ब असतो तो दिसायला ह्याचा जुळा भाऊ, पण पोटात तार एक आणि बुडाला ठिपका एक. तो सिंगल. अंधारात पण ओळखता येतं. पितळी टोपीला दोन बाजूंना दोन बारके कान असतात. सिंगलचे कान एका उंचीवर. डबलचा एक कान वर, एक खाली. बल्ब एकाच बाजूने बसावा, उलटा बसू नये, म्हणून बनवणाऱ्याने मुद्दाम तसं केलंय. मी नख लावून सांगायचो. इंग्रजी वाचायची गरज पडली नाही. टोपीवरची बारीक अक्षरं मंदा वाचायची, ती सातवी पास होती आणि ते ती मला विसरू द्यायची नाही.

आणि एक गोष्ट. ब्रेक लाईट हा गाडीतला असा दिवा आहे की जो चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. पाय तुमचा पुढे, दिवा मागे. कोणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. बरं, बल्बला नाक लावून उभं राहिलं तर कळत नाही, तोंडासमोर कुठलाही बल्ब लख्खच वाटतो. सात-आठ पावलं मागे जावं लागतं. गिऱ्हाईक गाडी टाकून बाजारात गेलेलं असायचं. मग पाय माझा आणि डोळे मंदाचे.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन गाळ्याच्या पुढच्या बाजूला आली होती. मी गाडीत बसलेलो. म्हटलं, जरा मागे बघ, लागले का दोन्ही? ती म्हणाली, "एक लागला हाय, एक रुसला हाय." मला हसू आलं. उतरून बघतो तर होल्डरला गंज धरलेला, अर्थिंग मिळत नव्हतं, बल्ब पेटला होता पण फिका. बंद बल्ब कोणालाही दिसतो. फिका दिसायला नजर लागते. माझ्या उस्तादाकडे त्याला शब्द नव्हता, आमच्या गाळ्यात त्या दिवसापासून झाला. हाय, नाय आणि रुसला. तिचा अहवाल तीन शब्दांत संपायचा आणि त्यावर वाद नसायचा.

आमच्या लाईनीत सगळे सिंधी व्यापारी. त्यातले एक साईं होते, फर्निचरवाले, जाडजूड आणि मनाने भित्रे. एक दिवस घाम पुसत आले. "उस्ताद, ब्रेक दबाता हूँ तो अंदर दिवाली हो जाती है." खरंच होत होती. दिवे बंद, तरी ब्रेकवर पाय ठेवला की समोरच्या मीटरचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, सगळं पेटायचं. पाय काढला की विझायचं. चार ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने सांगितलं मीटरचं पूर्ण पॅनल बदला. घरच्यांनी सांगितलं नजर लागली. गाडीला पुढे लिंबू-मिरची, मागे लिंबू-मिरची, आत आरशाला काळी बाहुली. मी म्हटलं, साईं, गाडी चालवता का पूजेला ठेवलीय?

मंदा मागे गेली. मी दाबला. ती म्हणाली, ह्यो रुसला नाय, ह्यो अधाशी हाय. मला तिथेच कळलं. काच उघडली. कोणीतरी डबलच्या जागी सिंगल दाबून बसवला होता. त्याचा एकच मोठा ठिपका होल्डरच्या दोन्ही टोकांना चिकटलेला. ब्रेकचा करंट त्या ठिपक्यावरून उडी मारून दुसऱ्या तारेत जायचा आणि सगळ्या गाडीचे दिवे लावत फिरायचा. मी साईंना हे समजावत होतो, त्यांच्या डोक्यात शिरेना. मंदा म्हणाली, साईं, दोघांचं जेवण एकाच ताटात वाढलं, तर दुसऱ्याचं पण हाच खाणार ना? साईंना लगेच पटलं. पॅनल बदलणार होते, काम बोटाएवढ्या बल्बात झालं. लिंबू-मिरची मात्र त्यांनी काढली नाही, म्हणाले, राहू दे, उससे भी फरक पडा होगा.

ह्या साईंना मंदाचा शब्द फार आवडला, कारण त्यांच्या भाषेतही रुसणं म्हणजे रुसणंच. पुढे गाडी घेऊन आले की लांबूनच ओरडायचे, "भाभी, लेफ्ट वाला रुसी पयो आहे!" हळूहळू लाईनीतले सगळेच म्हणायला लागले. सुटे भाग विकणारा दुकानदार पण विचारायचा, उस्ताद, उडेला है के रुसेला है? मंदाचा शब्द कॅम्प चारच्या बाजारात चालला. माझ्या नावाची पाटी होती, तिच्या नावाची कुठेच नव्हती, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

आता एक गोष्ट सांगतो ती मी कधी कोणाला सांगितलेली नाही.

मुलीच्या वेळी मंदा बाळंतपणाला माहेरी गेली होती. गाळ्यात मी एकटा. अंबरनाथचे एक मास्तर गाडी घेऊन आले, दोन्ही ब्रेक लाईट बंद. गर्दी होती. मी डब्यातून दोन बल्ब काढले, नख लावून बघितलं, डबलच होते. बसवले. मास्तरांनाच दाबायला सांगितलं, वाकून बघितलं, पेटतायत. जा म्हटलं. सात-आठ पावलं मागे गेलो नाही.

आठवड्याने मास्तर आले, गाडीची मागची बाजू चेपलेली. स्टेशन रोडला त्यांनी ब्रेक मारला, मागच्या टेम्पोला कळलं नाही, आदळला. पुढे त्यांची बायको बसली होती, तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मास्तर भांडायला आले नव्हते. टेम्पोवाला म्हणतोय तुमचा दिवा लागलाच नाही, तर लागतो की नाही तेवढं बघून सांगा, म्हणाले. एक बाजू शाबूत होती. मी तिचा बल्ब काढला आणि टोपी बघितली. चोवीस लिहिलेलं होतं. तो ट्रकचा बल्ब. ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, गाडीत बाराच असतात. बसतो बरोबर, पेटतो पण, नुसता अर्ध्या जिवाने पेटतो. दुपारच्या उन्हात मागच्याला काय दिसणार? कोणीतरी माझ्या डब्यात ट्रकचे बल्ब मिसळले होते. पण आकडे मला वाचता येतात. मी वाचले नव्हते.

मी तो बल्ब मुठीत धरला आणि मास्तरांना सांगितलं, फ्यूजचा लोच्या होता. बाराचे दोन बसवून दिले. ते आभार मानून गेले. 

मंदा बाळ घेऊन आली तेव्हा दोन दिवस गप्प राहिलो, तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती बाळाला थोपटत म्हणाली, "मी असते तर म्हणाले असते, रुसला हाय." मग म्हणाली, उद्या अंबरनाथला जाऊन त्यांना सांगून या. मी म्हटलं, धंदा बसेल. ती म्हणाली, बसू दे, परत उठवू.

गेलो. मास्तर व्हरांड्यात वह्या तपासत होते. मी उभ्यानेच सांगितलं, चूक माझी होती, आणि वर खोटं बोललो. तो बल्ब त्यांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो उचलून टोपीवरचा आकडा वाचला.  मग आतून त्यांची बायको आली, हात गळ्यात बांधलेला. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगायला आलात ना," ती बाई म्हणाली, "मग बसा. उभे का?"

त्या बाईचे उपकार मी विसरलो नाही. खांदा तिचा मोडला आणि खुर्ची तिने मला दिली. मास्तर पुढे अनेक वर्षं गाडी माझ्याकडेच आणायचे. आल्यावर आधी विचारायचे, वहिनी आहेत ना? नसल्या तर थांबायचे.

त्यानंतर एकही गाडी मंदाने बघितल्याशिवाय गाळ्यातून गेली नाही. पोळ्या करत असली तर पिठाच्या हाताने यायची. ताप असला तरी शाल घेऊन यायची. बदलापूरचा एक घाईवाला होता, एका बाजूचा बल्ब राहिला होता आणि त्याला निघायचं होतं. म्हणे ब्रेक चांगला लागतो, दिव्याचं काय घेऊन बसलात. मंदा त्याच्या गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने रिव्हर्स टाकला, हॉर्न मारला, नाही नाही ते बोलला. ती कढई पुसत उभी. म्हणाली, आधी हाय म्हणू द्या, मग जा. मी दोन मिनिटांत बल्ब घातला. ती हाय म्हणाली आणि बाजूला झाली. तो माणूस परत कधी आला नाही. बरं झालं.

अशी कितीतरी गाडीवाली माणसं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या तीन गावांत हिंडली, ज्यांना माहीत पण नसेल की त्यांच्या मागे एक बाई उभी राहून बघून गेली. सगळ्यांनी विश्वासाने गाड्या दिल्या, आम्हाला जेवू घातलं, मुलगी शिकली, नर्स झाली. तक्रार करायला मला जागा नाही. आता नवीन गाड्यांत बल्बच नसतो, बारीक दाण्यांची पट्टी असते, बिघडली की पूर्ण काच बदलायची. माझी गुडघेदुखी आणि ती पट्टी एकाच सुमारास आली. गाळा दिला आणि चामटोलीला दोन खोल्या बांधून राहिलो. ज्यांच्या गाडीला अजून बल्ब आहे आणि मागे उभं राहायला कोणी नाही, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीजवळ न्या, ब्रेक दाबा, आरशात बघा. भिंतीवर दोन लाल डाग सारखे पडले पाहिजेत. हे मी एकट्यादुकट्याला नेहमी शिकवायचो. स्वतः कधी केलं नाही, गरज नव्हती.

तर त्या दुपारी ती आत गेली. मी रागाने गाडी पुसत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी आत गेलो, चहा मागायला नाही, उरलेलं भांडण करायला. ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर परात, अर्धी मेथी निवडलेली, हातात एक काडी. मला वाटलं डोळा लागला.

शेजारच्या पाटलांनी त्यांच्या गाडीतून बदलापूरला नेलं. मी मागे, तिचं डोकं मांडीवर. पुढे एक रिक्षा होती, तिचा उजवा ब्रेक लाईट बंद होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मंदे, बघ. पाटलांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, घरीच सगळं संपलं होतं. तासाभरात मुलगी आली, अंबरनाथहून मंदाची बहीण आली. बुद्धवंदना झाली. त्याच रात्री तिला नेलं. पुढचं काही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. ज्या वेळेला आम्ही विठ्ठलवाडीला निघणार होतो ती वेळ. घर माणसांनी भरलेलं. मी ट्रंकेतून स्क्रू ड्रायव्हर काढला. मुलगी, सुजाता, म्हणाली, पप्पा, आज नको. कोणीतरी म्हणालं, धक्का बसलाय. मंदाची बहीण म्हणाली, "दाजींना करू दे काय करतात ते."

सुजाताला म्हटलं, गाडीत बस आणि ब्रेकवर पाय ठेव. ती बसली. मी मागे गेलो, फाटकापाशी, कढीपत्त्याच्या झाडाजवळ. त्या झाडाच्या एका बाजूला बरोबर मंदाच्या हाताच्या उंचीला पानं नव्हती. बघता बघता तोडत असणार. चाळीस वर्षांत तिच्या जागेवर मी कधी उभा राहिलो नव्हतो.

"दाब," म्हटलं.

उजवा लख्ख. डावा फिका. एवढा फिका की चष्म्याशिवायही कळत होतं. रुसला होता.

काच उघडली. होल्डरचं पितळ झिजलेलं, माझ्या बोटांना हल्ली मुंग्या येतात, नखाला काही कळत नाही. डबल काँटॅक्टचा बल्ब मी जोर लावून उलटा बसवला होता. वरचा कान खालच्या खोबणीत. ब्रेकचा करंट बारीक तारेला जात होता. जी चूक करणाऱ्यांना मी जन्मभर हसलो, तीच. मोतीबिंदू तिच्या डोळ्यात नव्हता.

एक क्षण वाटलं, तसाच राहू दे. तिचं बरोबर होतं ह्याची खूण म्हणून. पण फिका बल्ब ठेवलेला तिला चालला नसता. दाबला, फिरवला, काढला, सरळ केला, परत दाबला, फिरवला. काच लावली आणि परत झाडापाशी जाऊन उभा राहिलो.

सुजाताने ब्रेक दाबला. काचेतून मान मागे वळवून विचारलं, "पप्पा, लागला का?"

हे जन्मभर मी विचारत आलो. मला कोणी कधी विचारलं नव्हतं.  तिने परत विचारलं.

"हाय," मी म्हणालो. तिला ऐकू आलं नसावं, म्हणून मोठ्याने म्हणालो. "दोन्ही हाय."